लोखंड तात्यांचं, लाकूड आप्पांचं

जयसिंगपूरच्या माझ्या नव्या घरात सुताराचं काम चाललं होतं. दिवसभर त्याचं यंत्र कोकलत होतं आणि लाकडाचा पिवळा धुरळा भातात, केसांत, पोरांच्या दप्तरांत जाऊन बसत होता. संध्याकाळी एक दार चौकटीला घासायला लागलं. एवढ्याशासाठी यंत्र कशाला, म्हणून त्यानं पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला हातरंधा काढला आणि दाराच्या कडेवरून सरकवला. सुर्र. कागदासारखी लांब साल सुटली, स्वतःभोवती वळली आणि फरशीवर पडली. यंत्राच्या बोंबेला दिवसभर न हललेली मी त्या एका आवाजासरशी स्वयंपाकघरातून उठून आले.

"बघू जरा," म्हटलं.

"बेतानं म्याडम. धार हाय, हात कापंल."

पितळी बाजू, लोखंडी तळ, पोटात काळपट शिसव. मी रंधा नाकाशी नेला. सुतार बघतच राहिला. गोडंतेल, जुनी शिसव आणि त्याखाली घामानं आंबलेल्या पितळेचा तो वास. लोकांना जुन्या वासानं डोळ्यांत पाणी येतं म्हणे. माझे दात एकमेकांवर आवळले गेले. ह्या वासानं मला सगळ्यात आधी मार आठवतो. लोखंडाला दिलेला आणि माणसांनी माणसांना दिलेला.

"कुठं मिळाला?"

"गारगोटीच्या उस्तादानं दिलेला. कोल्हापुरात दोघं भाऊ करायचे म्हणे. आता कोण करतंय!"

मी रंधा परत दिला आणि चहा टाकायला आत गेले.

ते दोघं भाऊ म्हणजे माझे आप्पा आणि थोरले चुलते तात्या. तात्यांनी लग्न केलं नव्हतं, ते आमच्यातच जेवायचे. अख्खी गल्ली त्यांना तात्या म्हणायची, धाकटे असून आप्पासुद्धा. तात्या आप्पांना हाक मारायचे 'बारक्या', आप्पांचे केस पिकले तरी. मंगळवार पेठेत रस्त्याच्या अंगाला पत्र्याची लांब शेड आणि तिच्या पाठीला आमच्या दोन खोल्या. शेडच्या एका टोकाला तात्यांची भट्टी, दुसऱ्या टोकाला आप्पांचं लाकूड, मध्ये दोघांच्या शिव्या.

रंधा हातात घेतला की किती शांत वाटतो. मांजरासारखा तळव्यात बसतो. पण तो मारातून जन्माला येतो. लोखंडाचा तळ आणि पितळेच्या बाजू ह्यांना कानशीनं दात पाडायचे, ते दात एकमेकांत अडकवायचे आणि मग हातोडीनं असे बडवायचे, की सांधा कुठं होता हे नखालाही लागू नये. पितळ सुरुवातीला किणकिणतं, नंतर कण्हतं, शेवटी गप्प होतं. ते गप्प झालं की तात्या म्हणायचे, "आता कबूल झालं."

मग ती पोकळ पेटी शेडच्या दुसऱ्या टोकाला जायची. आप्पा जमिनीवर बसून शिसवीचा ठोकळा दोन्ही पायांच्या तळव्यांत आवळून धरायचे आणि पटाशीनं सोलायचे. तो पेटीपेक्षा केसभर जाडच ठेवायचा, नाहीतर पुढं हलतो. मग लाकडी मोगरीचे ठोके. आत जाताना शिसव ओरडायची. खरंच सांगते, गुदमरणाऱ्या जनावरासारखा आवाज यायचा. लहानपणी मी कानांत बोटं घालायचे आणि आप्पा हसायचे, "आगं, घरात जाताना रडत्या ती. एकदा बसली की उठायची न्हाय."

पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून त्या दिवसांत आप्पा ठोकळ्याला हात लावायचे नाहीत. पावसाळा लोखंडाचा. बाहेर गटारं तुंबलेली, आत भट्टी पेटलेली, ओल्या कोळशाचा तडतडाट आणि पितळी पेट्यांची भिंतीवर वाढत जाणारी रांग. दिवाळीनंतर कोरडं वारं सुटलं की लाकडाचा हंगाम. मग घरभर शिसवीची भुकटी, आईच्या पोळपाटावर, देवाच्या ताम्हनात, माझ्या वहीच्या पानांत. मला ऋतू शाळेत कळले नाहीत. कुठल्या टोकाला जास्त आवाज होतो, त्यावरून कळले.

पात्याचं काम सगळ्यात दांडगं. सांडशीत लाल लोखंड धरून तात्या छोट्या हातोडीनं जागा दाखवायचे आणि समोरच्यानं तिथं घण घालायचा. टिंग, धाड. टिंग, धाड. हा समोरचा माणूस आधी आई होती, पुढं मी. आमच्यात बाई घण मारते, त्यात नवल काही नाही. मी कॉलेजला गेले तेव्हा माझे दंड वर्गातल्या पोरांपेक्षा जाड होते. आम्ही कोल्हापूरच्या पोरी 'मी येतो, मी जातो' म्हणतो, त्यावर बाहेरगावचा एक पोरगा फिदीफिदी हसला. मी त्याच्याशी हात मिळवला आणि जरा जास्त वेळ धरून ठेवला. परत हसला नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले. हे मी अजून मिरवते, पुढंही मिरवणार.

दोघा भावांच्या शिव्या म्हणजे गल्लीचा रेडिओ. सकाळी भट्टी पेटली की सुरू.

"भाड्या, ठोकळा हाय का जोतं? आत जाईल व्हय ह्यो?"

"तुझी पेटीच वाकडी हाय, तुझ्या आयला!"

मग आतून आईचा आवाज यायचा, "आई एकच हाय दोघांची. जरा बेतानं!" आणि दोघंही हसायचे, हातातलं काम न थांबवता.

काम बिघडलं की मात्र कुणी हसायचं नाही. रंध्याचं तोंड फाकलं, तळ डुगडुगला, साल तुटक निघाली, तर तो रंधा स्वस्तात द्यायचा नाही, असा तात्यांचा नेम होता. उंबऱ्याबाहेरच्या दगडावर ठेवायचा आणि घण घालायचा. इतक्या दिवसांची मेहनत एका घावात चपटी. शिसवीच्या चिपा रस्त्याच्या पलीकडं उडायच्या. "खोटा रंधा सुताराचा हात खोटा करतो," म्हणायचे आणि हात धुऊन जेवायला बसायचे. त्या दिवशी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही.

मग, मी शाळेत असताना, ती खंडेनवमी आली.

आदल्या दिवशीपासून हत्यारं घासायची. गंज काढायचा, धार लावायची, तेल पुसायचं. करवती, पटाश्या, वाकस, कुऱ्हाडी, कानशी, हातोड्या, मोठा घण आणि त्या वर्षीच्या रंध्यांची सगळी पाती. स्वच्छ घोंगड्यावर ओळीनं मांडायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं, ऊद. त्यानंतर दसऱ्याला सोनं लुटून येईपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. लोखंडाची सुट्टी. नारळसुद्धा आई उंबऱ्यावर आपटून फोडायची. त्या दिवशी शेड इतकी शांत असायची की उदाचा धूर वर चढताना ऐकू येईल असं वाटायचं.

भांडण कशावरून लागलं, ते मला तेव्हा कळलं नाही. पुढं कळलं, ते सांगण्यात अर्थ नाही. मला आठवतं ते एवढंच, की शिव्या नव्हत्या. रोज शिव्यांनी भरलेली ती शेड मुकी होती आणि दोन मोठी माणसं मुक्यानं एकमेकांना मारत होती. गुद्द्याचा आवाज ओल्या पोत्यावर दांडका मारल्यासारखा येतो. आप्पांनी गुडघा घातला, तात्यांचे पुढचे दात पडले. तात्यांनी आप्पांना भिंतीवर आपटलं, वरच्या पितळी पेट्या धडाधड खाली आल्या. पायांजवळ एवढं धारदार लोखंड मांडलेलं, नुसता हात खाली नेला असता तरी एकजण मेला असता. दोघांपैकी कुणीही हात खाली नेला नाही. लोखंडाची सुट्टी होती.

एकदा आप्पांचा तोल गेला. ते पाठीवर त्या घोंगड्यावर पडणार, पात्यांच्या ओळीवर. तात्यांनी त्यांची बंडी छातीशी धरून त्यांना परत ओढलं, नीट उभं केलं, आणि मग उजव्या कानाखाली अशी ठेवून दिली की आप्पा गुडघ्यांवर आले. कानातून रक्ताची बारीक रेघ निघाली. तो कान पुन्हा कधी ऐकू आला नाही. आई मध्ये पडली तेव्हा तिच्या हातात नारळाचं अर्धं भकल होतं. ते भकल तिनं दोघांच्या मध्ये जमिनीवर असं आपटलं की दोघं दचकून थांबले.

दुसऱ्या दिवशी आमच्या घरातलं कुणी दसरा चौकाकडं गेलं नाही. आपट्याची पानं कोनाड्यात वाळून गेली.

वाटणी करायला चार पावणे बसले. शेतकरी रान वाटतात, सोनार सोनं वाटतात. आमच्या दोघांनी रंधा वाटला. भट्टी, ऐरण, घण, सगळं लोखंड आणि पितळ तात्यांचं. लाकूड, पटाश्या, मोगरी आप्पांचं. तात्यांनी लाकडाला हात लावायचा नाही, आप्पांनी लोखंडाचं काम करायचं नाही. हेच दोघांना न्यायाचं वाटलं. पावण्यांनीही माना डोलावल्या.

आई दारातून म्हणाली, "आणि पोरीचं? धड एकाला, मुंडकं एकाला?"

शेडमध्ये आडवा पत्रा ठोकला गेला. खिळे आप्पांनी ठोकले. पलीकडून तात्यांनीही ठोकले, हलू नये म्हणून.

पुढची कैक वर्षं ह्या पत्र्याची. आप्पा खुर्च्या, देव्हारे करायला लागले. तात्या विळे, खुरपी, कोयते. पोट भरत होतं. पण संध्याकाळी उरलेल्या उजेडात आप्पा शिसवीचा ठोकळा पायांत धरून बसायचे आणि रंध्याचं पोट सोलायचे, जुन्याच मापानं, केसभर जाड ठेवून. झालं की फळीवर मांडायचे. कशात बसवणार? बसवायला काहीच नव्हतं. पलीकडून पितळ बडवल्याचा आवाज यायचा. किणकिण, कण्हणं, मग गप्प. तिकडंही पोकळ पेट्यांची रांग वाढत होती. दोघं आपापला अर्धा रंधा करत राहिले आणि दुसरा अर्धा मागायला कुणी गेलं नाही. बाजारातनं पेट्या आणा म्हणून आईनं एकदा सुचवलं, तर आप्पांनी ताट भिंतीवर फेकलं. आमटीचा डाग चुना मारला तरी वर यायचा.

तात्या भट्टीवरच भाकरी थापायचे. एका बाजूनं करपलेल्या भाकरीचा वास पत्र्याखालून यायचा आणि आईचा हात परातीत थांबायचा. आमच्या घरात सगळ्यात जास्त कशाची वाट पाहिली गेली असेल, तर तात्यांच्या ताटाची. आई रोज एक भाकरी जास्त करायची. रोज ती भाकरी सकाळी गल्लीतल्या म्हशीला जायची.

आप्पांनी मला बजावलं होतं, "पत्र्यापल्याड गेलीस तर तंगडं मोडून हातात दीन."

मी गेले. कॉलेज सकाळी उशिरा भरायचं. त्याआधी मी मागच्या बोळातनं तात्यांकडं जायची आणि घण उचलायची. एकट्या माणसाच्यानं जाड पातं होत नाही. तात्यांनी नुसतं छोट्या हातोडीनं जागा दाखवली. टिंग, धाड. हा आवाज काय लपणार? आप्पा पलीकडं बसलेले असायचे. पण माझं तंगडं काही त्यांनी मोडलं नाही.

पात्याला आधी लाल करून पाण्यात बुडवायचं. मग घासून चकचकीत करायचं आणि पुन्हा मंद तापवायचं. त्या चकाकीवर रंग चढत जातात. गव्हाचा, गुळाचा, मग जांभळाचा, शेवटी मोरपिसाचा निळा. गुळावर पकडून पाण्यात घातलं की पातं जन्मभर धार धरतं, जांभूळ उजाडलं की मऊ पडतं. आयुष्यात पुढं प्रयोगशाळेत मी पुष्कळ रंग बदलताना पाहिले, एवढे देखणे नाही.

एके दिवशी तात्या म्हणाले, "रंग सांग."

मला वाटलं परीक्षा घेतायत. "गहू."

"आता?"

"गहूच. जरा करपलेला."

"आता?"

"गूळ, तात्या! गूळ आला!"

चर्रर्र. वाफेत त्यांचा चेहरा दिसेना. वाफ गेली तेव्हा दिसलं, की त्यांची नजर पात्यावर नव्हतीच. पात्याच्या वीतभर बाजूला होती. आयुष्यभर आगीत बघून डोळ्यांचा कोळसा झाला होता.

"कुणाला बोललीस तर जीभ हासडीन," ते म्हणाले.

"न्हाय बोलत."

त्या दिवसापासून मी घणही होते आणि डोळेही. गहू, गूळ, जांभूळ. माझ्या कॉलेजची वर्षं ह्या तीन शब्दांवर गेली.

मग मला जयसिंगपुरात शाळेवर नोकरी लागली. घरात पहिला पगार, पहिलं साडी नेसून एस.टी.त बसणं, आई बोळाच्या तोंडापर्यंत आली. मला अभिमान होता. तात्यांनी नुसतं म्हटलं, "जा. घण काय, कुणी बी मारतंय." कुणीही मारत नव्हतं. एव्हाना सुतारांच्या हातात यंत्रं आली होती आणि कोयतेसुद्धा बाजारात तयार मिळत होते.

त्या सुताराला यातलं मी काही सांगितलं नाही. तो दार लावून, आवरून गेला. दोघंही भाऊ आता नाहीत, शेडच्या जागी मोबाइलचं दुकान आहे, आणि झालेल्या सगळ्याचा हिशेब मला लावायचाही नाही. पण एक दुपार माझ्याजवळ आहे. ती कुणाला द्यायची म्हटलं तर अशीच्या अशीच द्यावी लागेल.

मी सुट्टीला घरी आले होते. आप्पा ठोकळा पायांत धरून बसलेले, पण पटाशी थांबलेली. डावा, चांगला कान पत्र्याला लावलेला. पलीकडं तात्या एकटेच पातं घडवत होते. टिंग. टिंग. मध्येच ऐरण कोरडी वाजायची, म्हणजे हातोडी लोखंडावर न पडता ऐरणीवर पडत होती.

"चुकायलाय," आप्पा पुटपुटले.

आई चुलीपासून उठली. पुन्हा टिंग, पुन्हा कोरडी ठण्ण, आणि मग काहीतरी जड पडलं आणि तात्यांच्या तोंडून एक आवाज आला. शिवी नव्हती. नुसता आवाज.

आप्पा उठले. कोपऱ्यातली लाकडं फोडायची कुऱ्हाड घेतली आणि पत्र्यावर घातली. पहिल्याच घावाला पत्रा किंचाळला. आई ओरडली, "आवो, नगा! आवो, मराल दोघंबी!" मी त्यांचा दंड धरला, त्यांनी मला झटकलं, मी खुर्चीवर जाऊन पडले. कुऱ्हाड पुन्हा, पुन्हा. पत्र्याच्या चिंध्या आत वळल्या. त्यातून ते घुसले तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत फाटले होते, कुऱ्हाड हातातच होती.

तात्या ऐरणीपाशी उभे होते. सांडशीतलं लाल लोखंड त्यांनी समोर धरलं होतं, आवाजाच्या दिशेनं. डाव्या हाताचा पंजा पोळलेला.

"ये," ते म्हणाले. "ये भाड्या. लई दिवस झालं."

आप्पांनी कुऱ्हाड टाकली. ती ठणकन पडली, तात्या दचकले. आप्पांनी भिंतीला टेकवलेला घण उचलला.

मी चिंध्यांतून आत शिरले होते. मला वाटलं, आता संपलं.

"सांडशी नीट धर," आप्पा म्हणाले. "जागा दाव. म्या मारतो."

तात्या हलले नाहीत. "तुला घण येतोय व्हय?"

"न्हाय येत."

"मग?"

"मग शिकीव की! का मुहूर्त बघायचाय? पोरगी हाय, ती रंग सांगंल. आंधळ्या, रोज ऐकलंय म्या. गहू, गूळ, जांभूळ, गहू, गूळ, जांभूळ. डोकं उठवलं माझं!"

तात्यांचा जबडा हलला. मग त्यांनी लोखंड भट्टीत घातलं, लाल केलं, ऐरणीवर आणलं, आणि पोळलेल्या हातात हातोडी धरून जागा दाखवली. टिंग.

आप्पांनी घण घातला. तिरका बसला.

"आरं लाकूडतोड्या! ऐरण फोडतोस का माझी?"

"तुझी ऐरणच वाकडी हाय, तुझ्या आयला!"

पत्र्याच्या भोकातून आईचं तोंड दिसलं. तिचं ते जुनं 'आई एकच हाय' तिला म्हणवलं नाही. ती तिथंच खाली बसली, पदर तोंडात कोंबून.

दोघांनी ते लोखंड मारलं. इतकं मारलं, की त्यात पातं करण्याजोगं काही उरलं का, हेही त्यांना भान नव्हतं. आप्पांच्या हातांतलं रक्त घणाच्या दांड्यावरून ओघळत होतं. ठिणग्या दोघांच्या छातीवर विझत होत्या. शिव्यांना खळ नव्हता, वर्षानुवर्षांच्या साठलेल्या. शेवटी ते पुन्हा भट्टीत गेलं. मी ओरडले, "लाल झालं, बुडवा!" आणि पातं पाण्यात गेलं.

टिच्च.

मधोमध तडा. तात्यांनी अंगठ्यानं चाचपलं.

"गेलं," ते म्हणाले. "लई तापवलं."

"झालं तर मग," आप्पा म्हणाले. "जेवाय चल."

आईनं हळद लावून दोघांचे हात चिंध्यांनी बांधले, आणि दोन ताटं समोरासमोर मांडली. दोघांनाही भाकरी मोडवेना, म्हणून तिनंच मोडून कालवून दिली. मग तात्या ताटावर मान घालून हळूच काहीतरी बोलले. फार हळू. मला ऐकू आलं, मी ते लिहिणार नाही.

"काय?" आप्पांनी मान वळवली. "ह्या बाजूनं बोल. त्यो कान फोडलायस तू."

तात्या उठले. बांधलेल्या हातांत ताट कसंबसं धरलं, चाचपडत आप्पांच्या डाव्या बाजूला आले, तिथं मांडी घालून बसले आणि तेच पुन्हा बोलले.